डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ) २०२४ च्या नियमांत पॅलाडिन, म्हणजे पवित्र योद्ध्याचं पात्र, खरंच कमजोर झाला का?

कमजोर म्हणण्यापेक्षा खेळणाऱ्याची सवय मोडली. २०१४ च्या नियमांत तलवार लागली की मग ठरवायचं, डिव्हाइन स्माइट (जादू खर्चून वाराला दिलेली दैवी जोड) मारायचा की नाही. दोन्ही वार लागले तर दोनदा. फाशावर २० पडले, म्हणजे सर्वांत जबर वार, की अख्खं टेबल ओरडायचं, "मार, मार!" आता स्माइट मंत्र झालाय आणि बोनस ॲक्शन (पाळीत मुख्य कृतीशिवाय मिळणारी एकच जादा कृती) खातो, म्हणजे एका पाळीत एकदाच. वर समोरचा जादूगार काउंटरस्पेलने (दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र) तो अडवू शकतो, हे मात्र मलाही खुपतं. बदल्यात 'ले ऑन हँड्स' (स्पर्शाने बरं करण्याची पॅलाडिनची शक्ती) बोनस ॲक्शनवर आलं, त्यामुळे पडलेल्या सोबत्याला उठवून वारही करता येतो. (फक्त त्याच पाळीत स्माइट विसरा.) मोहीम अर्ध्यावर असेल तर डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) बोलून जुनाच पॅलाडिन चालू ठेवा.