दुपारी बंद पडणारा कूलर

प्रश्न : दोन कूलरचे पंखे-पंप चालवायला अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि चार रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडले. १२ व्होल्टचा अडॅप्टर, पुढे ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर). सकाळी छान चालतं, दुपारी सारखं बंद पडतं. अडॅप्टर बदलू का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : अडॅप्टरला कशाला दोष देता? चारही रिले चालू झाले की साधारण ०.३ अँपिअर जातो. वरचे ७ व्होल्ट ७८०५ नुसते तापून घालवतो, म्हणजे २.१ वॅट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसेल, तर मे महिन्यातल्या आपल्या ४५ अंशांत आतली चिप दीडशेच्या पुढे जाऊ लागते आणि स्वतःच बंद होते. गार झाली की पुन्हा सुरू. ७८०५वर टेबलफॅन मारून पाहा, चाललं तर रोग हाच. हीटसिंक लावा. त्याहून बरं, बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) एलएम२५९६चं बक मॉड्यूल (फारसं न तापता व्होल्ट कमी करणारा तयार बोर्ड) आणा. मात्र जोडण्याआधी मीटर लावून, त्यावरचा स्क्रू फिरवून ५ व्होल्ट करून घ्या. आणि हो, रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट आहेत, प्लग काढूनच हात घाला.