पुढचे शॉकअप नवीन टाकले तरी खडखड जात नाही, लोअर आर्म पण बदलू का?

थांबा, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की दोन्ही शॉकअप नवे टाकून आठ दिवस झाले, खराब रस्त्याला खडखड येते आणि जागेवर स्टेअरिंग फिरवलं की टणकन वाजतं. शॉकअप टाकायच्या आधी हे टणकन नव्हतं ना? मग नवा पार्ट घ्यायच्या आधी फिटिंग तपासा.

माझ्या जुन्या हॅचबॅकचं डिट्टो हेच झालेलं. साताऱ्यात एका गॅरेजला शॉकअप टाकले आणि दुसऱ्याच दिवशी यवतेश्वर घाट चढताना प्रत्येक वळणाला टण, टण. त्यांच्याकडे परत गेलो तर म्हणे नवीन आहे, बसंल हळूहळू. कुठलं काय बसतंय! शेवटी पोवई नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या फिटरला दाखवली. त्यानं गाडी जॅकवर पण घेतली नाही, मला म्हणाला आत बसून स्टेअरिंग सावकाश फिरवा, आणि स्वतः चाकाच्या वरनं हात घालून स्प्रिंगवर बोटं नुसती टेकवली (वेढ्यांच्या मधे घालायची नाहीत हां). आवाज झाला त्याच क्षणी स्प्रिंगनं बोटाला झटका दिला. म्हणजे काय, तर स्टेअरिंगबरोबर अख्खा शॉकअप फिरतो, वरचं माउंटिंग बेअरिंग (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला बसतं तिथलं) जाम असलं की स्प्रिंग पिळत जाते आणि मग एकदम सुटते. खोललं तर बेअरिंग जुनंच ठेवलेलं, आत गंज आणि चिखल, आणि स्प्रिंगचं टोक ती ज्या वाटीत बसते तिच्या खाचेत नाही तर चांगलं बोटभर पुढं! दोन्ही बेअरिंग नवी टाकली, टोक खाचेत बसवलं, टणकन बंद.

पण खडखड वेगळी असू शकते. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम गेली की शांत आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की खडखड, असं असेल तर लिंक रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या बारला जोडणारी छोटी दांडी) बघा, शॉकअप काढताना बऱ्याच गाड्यांत तो सोडावा लागतो आणि मग एखादा नट ढिला राहतो. आणखी एक, आवाज येतोय तेव्हा ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून बघा, बंद झाला तर ते ब्रेक पॅड नाहीतर पॅड दाबणारा कॅलिपर वाजतोय, सस्पेन्शनला उगाच शिव्या नकोत. ब्रेक पाइपची क्लिप राहिली असेल तर तीही वाजते.

बॉनेट उघडून माउंटिंगचा मधला नट ढिला आहे का ते नुसतं बघा, पण तो स्वतः खोलू नका राव. स्प्रिंग दाबलेली असते, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) न लावता नट सुटला तर तोंडावर येईल.

लोअर आर्मचा बुश (जोडावरचं रबर) खरंच फाटलेला दिसला तरच बदला, आणि त्याचे बोल्ट गाडी चाकावर उभी असताना फायनल टाइट करायला सांगा, चाक लटकत असताना केले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) अजून केलं नसेल तर आधी आवाज घालवा. माउंटिंगसाठी शॉकअप परत काढावा लागतो, बऱ्याच गाड्यांत खालचे दोन बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) हलतो, मग परत अलाइनमेंट. मी घाई केली म्हणून दोनदा पैसे भरले.