यादवकाळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

तुमचा गोंधळ मला समजतो. एका पुस्तकात ८५० पासून, दुसऱ्यात ११८७ पासून. दोघंही चुकीचे नाहीत, मोजपट्टी वेगळी आहे.

यादवांचा वंश म्हणाल तर नवव्या शतकातल्या दृढप्रहारापासून. पण ही मंडळी तेव्हा आधी राष्ट्रकूटांची, मग कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक होती. चालुक्य खिळखिळे झाल्यावर पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला आणि देवगिरी राजधानी झाली, ते साधारण ११८७. माझ्या मते खरा ‘काळ’ इथूनच धरावा. मांडलिकाच्या नावानं युग कोण मोजतो?

शेवटाचा घोळ जास्त मजेदार आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरी लुटली, म्हणून बरेच जण तिथंच पडदा पाडतात. पण यादव राजा रामचंद्रदेव त्यानंतरही गादीवर होता, खंडणी देऊन का होईना. त्याचा जावई हरपालदेव याचं दिल्लीविरुद्धचं बंड मोडलं तेव्हा, म्हणजे १३१७-१८ च्या सुमारास, सगळं संपलं.

मराठीचे प्राध्यापक ‘यादवकाळ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर महानुभाव आणि शके १२१२ ची ज्ञानेश्वरी असते. (शकात ७८ मिळवा, १२९०.) तिच्या शेवटी रामचंद्राचं नावही येतं.

नागपुरात असाल तर एखाद्या रविवारी रामटेकला जा. गडावरच्या लक्ष्मण मंदिरात याच रामचंद्राच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. अक्षरं झिजलीत, दुपारच्या उन्हात तर काहीच दिसत नाही. सकाळी जा, अन् माकडांपासून पिशवी सांभाळा.