भाड्याच्या स्टोरेजमध्ये सामान ठेवताय? आधी हे वाचा

इमारत पुनर्विकासाला गेली की घरातलं अर्धं सामान भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि उरलेलं स्टोरेजच्या गाळ्यात, हे मुंबईत आता नेहमीचं झालं आहे. पावसाळा तोंडावर आला की त्याबद्दलच्या त्याच त्या शंका पुन्हा येतात. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

गॅसचा सिलिंडर रिकामा आहे. गाळ्यात ठेवला तर चालेल का? (मुलुंड)

नाही. ‘रिकाम्या’ सिलिंडरमध्येही थोडा गॅस उरतोच. शेगडी ठेवा, पण सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर जपून ठेवा.

गाद्या आणि सोफा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवले होते. आठ महिन्यांनी उघडले तर काळे ठिपके आणि कुबट वास. आईला दमा आहे. उन्हात टाकून वापरता येतील का? (बोरिवली)

गाद्या आणि उशा टाकून द्या. कापसात किंवा फोममध्ये बुरशी आतपर्यंत जाते आणि उन्हाने फक्त वास कमी होतो. मेलेल्या बुरशीचे कणही दमेकऱ्याला त्रास देतात. लाकडी सामान साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा. तेही मोकळ्या जागेत, एन-95 मास्क लावून आणि आई घरात नसताना. तिला खोकला किंवा धाप सुरू झाली असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि बुरशीचा उल्लेख आवर्जून करा.

घट्ट गुंडाळणं हीच इथली चूक. पॅकर्सवाले स्ट्रेच-रॅपचे चार वेढे घालतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. पण गुंडाळताना गादीत जो दमटपणा असतो तो आतच कोंडला जातो. लाकूड आणि गाद्यांवर सुती चादर टाका, सामान जमिनीपासून चार इंच उंच पॅलेटवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. ‘क्लायमेट कंट्रोल्ड’च्या नावाखाली जादा भाडं मागितलं तर आर्द्रतामापक कुठे लावला आहे ते विचारा. जुलै महिन्यात आकडा 60 टक्क्यांच्या आत दिसला पाहिजे. एसी संध्याकाळी बंद होत असेल तर त्या पाटीला अर्थ नाही.

तळमजल्यावरच्या गाळ्यात घोटाभर पाणी शिरलं. खोकी काढायला जायचं आहे. काय काळजी घ्यावी? (कुर्ला)

गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, आणि मेन स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय आत पाय टाकू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप) होतो आणि तो पायावरच्या बारीकशा चिरेतूनही शरीरात शिरतो. पाण्यातून गेला असाल तर 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी द्यायची का आणि किती, हे त्यांना ठरवू द्या. गरोदर बाई आणि लहान मुलं यांचा हिशोब वेगळा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा डोस घेऊ नका. ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस काढू नका.

गाळ्यात उंदीर झाले आहेत. ओळखीच्या माणसाने धान्यात टाकतात तशा गोळ्या आणून दिल्या. कपाटामागे चार ठेवल्या तर पुरेल असं तो म्हणाला. गाळा बंदच असतो, मग धोका काय? (दादर)

ठेवू नका. आणि हे उत्तर जरा लांबेल, कारण ‘गाळा बंदच असतो’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं.

ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाशी तिचा संबंध आला की फॉस्फीन वायू सुटतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा? तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फीन निघतो. सहा बाय आठचा, आठ फूट उंचीचा गाळा धरा. एका गोळीचा सगळा वायू त्यात कोंडला तर प्रमाण 60 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 60 भाग) वर जातं. अमेरिकेच्या नायोश या संस्थेने ‘जिवाला तात्काळ धोका’ म्हणून ठरवलेली मर्यादा 50 पीपीएम आहे. तुम्ही चार गोळ्या म्हणताय.

शिवाय गाळा बंद नसतोच. बहुतेक ठिकाणी मधली पार्टिशनं पत्र्याची किंवा प्लायची असतात आणि ती छताला टेकत नाहीत. वर हवा खेळण्यासाठी जाळी असते. तुमच्या गाळ्यातला वायू शेजारच्या गाळ्यात जातो, वरच्या मजल्यावर जातो, जिन्याखाली झोपलेल्या वॉचमनपर्यंत जातो. त्याला काही ठाऊक नसतं. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. साधा मास्क इथे निरुपयोगी आहे. मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप ही लक्षणं दिसली की घरचे म्हणतात बाहेरचं खाल्लं असेल, आणि मोलाचे तास जातात. या विषावर उतारा नाही. इस्पितळात पोचताच ‘गोळीचा वायू लागला आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

ही गोळी घरगुती वापरासाठी नाहीच. परवानाधारक फ्युमिगेशनवाल्यांनीच ती वापरायची असते. ती सुटी विकणारा दुकानदार आणि ‘हर्बल आहे’ म्हणून टाकून जाणारा पेस्ट कंट्रोलवाला, दोघेही तुमच्या जिवाशी खेळत आहेत. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कृषी विभागाचा परवाना मागा. औषधाचं नाव आणि किती तासांनी आत जायचं हे त्याच्याकडून लेखी घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर त्याला परत पाठवा. उंदरांसाठी पिंजरा लावा, पाइपभोवतीची भोकं जाळी आणि सिमेंटने बुजवा आणि खाण्याचा एक दाणाही गाळ्यात ठेवू नका.

गोळ्या आधीच ठेवल्या असतील तर स्वतः उचलायला जाऊ नका आणि पाणी अजिबात ओतू नका. पाण्याने वायू झपाट्याने सुटतो आणि पेटूही शकतो. मजला रिकामा करा, व्यवस्थापकाला सांगा आणि 101 वर फोन करा. हे उद्यावर ढकलू नका.

बाळाचे कपडे डांबरगोळ्या घालून ठेवले तर? (ठाणे)

नको. जी-6-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. आधीच ठेवले असतील तर धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरा. बाळाला कावीळ किंवा फिकटपणा दिसला तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

मालक म्हणतो ‘फायर एनओसी आहे’. एवढं पुरे ना? (गोरेगाव)

पुरे नाही. एनओसी एकदा मिळते, यंत्रणा मात्र रोज चालू असावी लागते. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीने तपासणी करून ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये. शेवटचा फॉर्म बी दाखवायला सांगा. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, स्प्रिंकलरखाली किमान दीड फूट जागा मोकळी आहे का, हे स्वतः बघा. खोकी छतापर्यंत रचली असतील तर पाणी आगीपर्यंत पोचत नाही. मागच्या जिन्याला कुलूप दिसलं तर तिथे गाळा घेऊ नका.

इन्व्हर्टरची बॅटरी आणि ई-स्कूटर तीन वर्षं ठेवायची आहे. (चेंबूर)

इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेत्याला परत करा, मोडीचे पैसे येतात. चार्ज न करता तीन वर्षं पडलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी नाहीतरी कामातून जाते, वर अ‍ॅसिड गळण्याची भीती. स्कूटरची लिथियम बॅटरी निघत असेल तर काढून घ्या आणि साधारण निम्म्या चार्जवर थंड जागी ठेवा. किती महिन्यांनी तपासायची ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. निघत नसेल तर स्कूटर गाळ्यात नको. फुगलेली बॅटरी कुठेच ठेवू नका. लिथियमची आग विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते आणि तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं. पॉवर बँक, जुने लॅपटॉप, कॉर्डलेस ड्रिल यांनाही हेच लागू. खोकी भरताना नेमकं तेच विसरलं जातं.

ऑनलाइन विक्रीचा माल गाळ्यात आहे. मुलगा तिथेच शटर ओढून पॅकिंग करतो, कधी दुपारी झोपतोही. (भांडुप)

झोपणं आजपासून बंद. पॅकिंगसाठी दुसरी जागा बघा. करार वाचलात तर त्यातही बहुधा हेच लिहिलेलं असेल. माल घ्यायला आत जाताना शटर पूर्ण वर ठेवा आणि वॉचमनला सांगून जा. संध्याकाळी कुलूप लावताना आत कोणी आहे का, हे तो बघत नाही.