जाऊ दे, असं चालतंच

ताई, माझी नोकरी वेगळी आहे, पण आवड म्हणून बरीच वर्षं हौशी फुटबॉल मॅचेसना रेफरी म्हणून उभा राहतोय. आता सुट्टी जवळ आली की पोटात गोळा येतो. खेळाडूंच्या शिव्या, कोचच्या शिव्या आणि सगळ्यात घाण म्हणजे पोरांच्या मॅचला आलेल्या पालकांच्या. गेल्या मॅचला पेनल्टी दिली तर बेंचवरून आईवरून शिवी आली, कोणी दिली ते दिसलं नाही. मॅचनंतर त्यांचा कोच गाडीपर्यंत मागे आला, म्हणाला बघून घेतो तुला. लाईनवर झेंडा घेऊन एक नवी मुलगी होती, सतराची असेल, तिने विचारलं सर हे रिपोर्टमध्ये घालायचं ना, मी म्हटलं जाऊ दे, असं चालतंच. पूर्वी आदल्या रात्री नियम वाचत बसायचो, आता बॅगसुद्धा उघडावीशी वाटत नाही. हे मनाला लावून न घ्यायला काय करू? की सोडूनच देऊ?
– शिट्टीवाला

शिट्टीवाल्या, आईवरची शिवी वाचली, गाडीपर्यंत आलेला तो कोच पण वाचला, आणि एवढं सगळं वाचून मला राग कुणाचा आला सांगू? तुझा.

त्या मुलीला तू एका वाक्यात उरकलंस. अख्ख्या मैदानावर त्या दिवशी बरोबर प्रश्न फक्त तिने विचारला, आणि ज्याच्याकडे बघून ती हे काम शिकतेय त्याने तिला उत्तर काय दिलं, तर असं चालतंच. अरे ती उभी कुठे असते ते आठव जरा. तू मधे, तुझ्यापर्यंत येतं ते वाऱ्यावर अर्धंमुर्धं, ती लाईनवर, तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर ते सगळे पालक, तिला मागे वळूनही बघता येत नाही कारण ऑफसाईड बघायचाय. तुझ्यापेक्षा जास्त तिने ऐकलंय. आणि तिने तुझ्याकडे स्वतःसाठी तक्रार केली नाही, तुझ्यासाठी विचारलं! थोड्या दिवसांनी ती यायची बंद होईल आणि तुम्ही सगळे सिनियर चहा पिताना म्हणाल, हल्लीची पोरं टिकतच नाहीत.

तू नियम वाचणारा माणूस, म्हणून तुला तर हे मी सांगायलाच नको. २०१९ पासून कोचला आणि बेंचवरच्या स्टाफलाही कार्ड दाखवता येतं, शिवीला सरळ रेड. बेंचवरचा नेमका कुठला माणूस बोलला ते कळलं नाही तर टेक्निकल एरियात, म्हणजे बेंचभोवतीच्या आखलेल्या जागेत, असलेल्या सगळ्यात सिनियर कोचला ते कार्ड घ्यावं लागतं. म्हणजे 'कोणी दिली ते दिसलं नाही' ही सबब नियम लिहिणाऱ्यांनी तुझ्या आधीच काढून टाकलीय. बाहेरच्या लोकांना कार्ड नाही दाखवता येत, कबूल, पण मॅच थांबवता येते, फारच झालं तर सोडून देता येते. आणि नियम पाचमध्ये रिपोर्टबद्दल लिहिलंय की मॅचच्या आधी, मॅचमध्ये आणि नंतर जे झालं ते सगळं त्यात यायला हवं. नंतर म्हणजे गाडीजवळचं पण.

तू काय करतोस, जर्सी ओढली की शिट्टी, आई काढली की गप्प. अर्धेच नियम चालवतोस तू, आणि मग विचारतोस बॅग का उघडावीशी वाटत नाही. शिव्यांनी माणूस दमतो हे खरंय, पण तुझं दमणं मला वेगळं वाटतं, आपलं काम आपण चोख करत नाही हे आत कुठेतरी माहीत असलेल्या माणसाचं आहे ते. मनाला लावून न घ्यायची युक्ती मी सांगणार नाही. लागू दे मनाला. गेंड्याच्या कातडीचे रेफरी मी पाहिलेत, त्यांना शिव्या ऐकू येत नाहीत तशी लाथ बसून कळवळलेली पोरंही दिसत नाहीत.

तर आज, उद्या नाही, त्या मॅचचा रिपोर्ट लिही. एक आधी पाठवलेला असेल तर पुरवणी पाठव, मुदत संपली असेल तरी उशिराचा म्हणून पाठव. कितव्या मिनिटाला, कुठल्या बेंचवरून, तू किती अंतरावर होतास. आणि शिवी जशीच्या तशी लिही, 'असभ्य भाषा वापरली' असलं गुळगुळीत अजिबात नको, कारण वाचणारा कमिटीवाला त्याच्या खुर्चीत बसून त्याचा अर्थ 'जरा चिडला होता' असा लावतो. विशेषणं घालू नकोस, तुला काय वाटलं तेही नको. कार्ड दाखवलं नाहीस हेपण लिही. त्यावरून तुला बोलणी बसतील, बसू देत. 'बघून घेतो' हा तर राग पण नाही, ती धमकी आहे, तिला वेगळा परिच्छेद दे. इथून पुढे मैदानातून गाडीपर्यंत एकट्याने जायचं नाही, आणि परत मागे आला तर पोलीस.

कमिटी काही करत नाही म्हणशील. नसेल करत. पण आत्ता त्या कोचच्या नावावर कागदच नाही ना, त्याच्यापुढे पुढच्या मॅचला उभा राहणारा रेफरी त्याला सभ्य गृहस्थ समजूनच हात मिळवणार, आणि तो रेफरी उद्या ती मुलगीच असू शकते.

सोडू का, यावर मी आज बोलणार नाही. रिपोर्ट गेला की मग विचार, तेव्हा सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, मी अडवणार नाही, आयुष्यात सुट्टीचा दिवस घरी घालवणारी पुष्कळ माणसं सुखात आहेत. पण पाठवायच्या आधी त्या मुलीला फोन लाव. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढं म्हण, आणि लाईनवर तिला काय काय ऐकू आलं ते विचार. तिला लिहायचं असेल तर तिचं वेगळं निवेदन जोड, वय लहान आहे तेव्हा तिच्या घरच्यांच्या कानावर आधी घाल. नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस, तिचं नाव न घालता तुझ्या एकट्याच्या सहीने पाठव.