मोठ्या बाबाचा लिम्फोमा अन् गावाचा हिशोब

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्या मोठ्या बाबाले (वय ६२) सहा महिन्यापासून पोट दुखे, जेवलं की गुडगुड करे, वजन उतरलं. गावात गॅसच्या गोळ्या झाल्या, मग तालुक्याले टीबीचा कोर्स सुरू केला. शेवटी नागपूरले दुर्बीण टाकून तुकडा तपासला तं आतड्याचा लिम्फोमा निघाला. मागच्या साली गावात एकजण अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेला. हे लय वाढलं काय? कपाशीच्या फवारणीनं तं नाही ना?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी अन्ननलिकेवाला बाजूले ठेवा, तो वेगळा कॅन्सर, त्याच्यामागं बरेचदा खर्रा-तंबाखू असते.

आता लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा कॅन्सर. देशात त्यातल्या नॉन-हॉजकिन लिम्फोमा या मोठ्या गटाचे नवे पेशंट वर्षाला पस्तीस-चाळीस हजार, म्हणजे लाखामागं अडीच-तीन, अन् त्यातले पचनमार्गात सुरू होणारे साधारण ५ ते २० टक्के. तुमचा जिल्हा २०११ च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर होता, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला चार ते सोळा जण, अन् दोन हजार वस्तीच्या गावात साधारण ८५ ते ३५० वर्षांत एखादा. अर्थात हा कागदावरचा हिशोब, आपल्याकडं तुकडा न तपासताच जे जातात ते कोणाच्या रजिस्टरात येतच नाहीत.

कमी असतो म्हणूनच चुकतो. लहान अन् मोठं आतडं जुळतं ती जागा टीबीचीही आवडती, लिम्फोमाचीही, दुखणं सारखं, वजन उतरणं सारखं, सीटी स्कॅनवरही कधीकधी फरक कळत नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं टीबी म्हटलं त्यात नवल नाही, पण तुकडा न तपासता कोर्स द्यायला नको होता असं माझं मत आहे. सुरू असलेल्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, कॅन्सरच्या डॉक्टरलेच विचारा.

फवारणीचं म्हणाल तर लिंडेन या कीटकनाशकाले २०१५ मध्ये जागतिक कॅन्सर संस्थेनं नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं कारण म्हणून पक्कं ठरवलं, म्हणून भीती अगदीच फुकाची नाही, पण एका माणसाले त्याच्यामुळंच झाला हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तोंडाले फडकं अन् हातमोजे तरी घाला.

मोठ्या बाबाचा प्रकार कोणता ते रिपोर्टात पाहा, कारण त्यावर सगळं फिरतं. जठरातला माल्ट नावाचा लिम्फोमा बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर जंतूमुळं होतो, तो बरेचदा नुसत्या अँटिबायोटिकनं जातो, ऑपरेशन नाही की केमो नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल नावाचा, जोरात वाढणारा प्रकार असला तर केमो, सोबत रिटुक्सिमॅब हे औषध, अन् त्याच्यासाठी सीडी-२० ची तपासणी लागते, म्हणजे ते औषध ज्याले चिकटते ती खूण कॅन्सरच्या पेशीवर आहे का ते पाहतात. ती झाली नसेल तर लॅबमधून मेणाचा ब्लॉक मागून घ्या. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची डबी असते, त्यात तुकडा बसवलेला, लोकं कचरा समजून फेकतात. ती डबी, स्लाइड, फाइल अन् महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड-आधार, सगळं एकाच पिशवीत घालून न्या.