कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत हुशार मूल मागे पडते का?

इंग्लंडला जाताना मुलीकडून ग्रामर शाळेच्या (परीक्षा घेऊन निवडक मुलांनाच प्रवेश देणाऱ्या शाळेच्या) प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यावी का, आणि सर्व कुवतीची मुले जिथे एकत्र येतात त्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत ती मागे तर पडणार नाही ना, असे आपण विचारले आहे. पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्भवतच नाही, कारण संपूर्ण इंग्लंडमध्ये सरकारी ग्रामर शाळा 163च उरल्या असून त्यांतील पुष्कळशा केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर यांसारख्या भागांत एकवटलेल्या आहेत.

1944च्या कायद्यानंतर वयाच्या अकराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेवरून मुलांची ग्रामर आणि इतर शाळांत विभागणी होत असे. ही विभागणी मोडून कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा आणण्याच्या योजना 1965 साली शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रकाद्वारे स्थानिक प्राधिकरणांकडून मागवल्या. पुढे मार्गारेट थॅचर यांनी शिक्षणमंत्री या नात्याने ते परिपत्रक मागे घेतले. गंमत अशी की त्यांच्याच कारकिर्दीत कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा झपाट्याने वाढल्या.

प्रवेशाला परीक्षा नाही, याचा अर्थ वर्गात सर्वांना एकाच गतीने शिकवतात असा मात्र नव्हे. गणितात बहुतेक शाळा कुवतीनुसार ‘सेट’ म्हणजे गट पाडतात, आणि माझ्या मते पालकांनी खरे लक्ष इथेच घालावे. जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेला, गणिताच्या फाउंडेशन या सोप्या स्तराची प्रश्नपत्रिका देणाऱ्या विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी श्रेणी 5च्या वर जात नाही. सर्वोच्च श्रेणी 9पर्यंत पोहोचायचे तर हायर स्तरालाच बसावे लागते. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा इमारत आणि प्रयोगशाळा यांचे कौतुक जरूर करा, पण सेट कशाच्या आधारे ठरतात, वर्षातून किती वेळा बदलतात आणि खालच्या सेटमधून वरच्या सेटमध्ये मुले प्रत्यक्षात जातात का, हे गणिताच्या शिक्षकांनाच विचारा. नव्या देशात भाषेमुळे अडखळणाऱ्या मुलीला चुकून खालच्या सेटमध्ये बसवले गेले, तर हे प्रश्न फारच मोलाचे ठरतात.

परीक्षा गेली तरी पत्त्याची चाळणी राहिलीच आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की अनेक शाळा घरापासूनचे अंतर पाहतात, त्यामुळे नावाजलेल्या शाळेभोवतीची घरे महागतात. ‘यिअर 7’च्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाच्या, प्रवेशाचा अर्ज आदल्या वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत करावा लागतो. घराचा करार करण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाच्या प्रवेशपुस्तिकेत, गेल्या वर्षी त्या शाळेत किती अंतरापर्यंतच्या मुलांना जागा मिळाली, हे तपासून घ्यावे.